मॅनेजरसाहेबांचा फॉर्म

सिराज, म्हणजे आमच्या इक्राचे अब्बा, इथे आखातात मआमीरच्या एका गोदामात स्टोअरकीपर. गावी, रत्नागिरीकडे, सगळे त्यांना मॅनेजर समजतात आणि चौदा वर्षांत यांनी एकालाही खरं सांगितलं नाही. गुदैबियात दोन खोल्या, त्यातली एक दुसऱ्या कुटुंबाला दिलेली, आणि म्हणे मॅनेजर! मी हसून सोडून द्यायचे. माझंच चुकलं.

इक्रा हॉकीत गोलकीपर. शाळांच्या फायनलला तिने अकरा फटके अडवले, ते इथे शिकवणाऱ्या एका अमेरिकन बाईने पाहिलं. पुढे ती बाई अमेरिकेत एका छोट्या कॉलेजची कोच झाली आणि शहाण्णव साली तिने इक्राला बोलावलं. कॉलेज एवढंसं, पण हॉकीची टीम सगळ्यात वरच्या गटात, बड्या युनिव्हर्सिट्यांशी खेळणारी. आम्ही फॉर्म पाठवला.

मग कोचबाईचा फोन आला. बड्या युनिव्हर्सिट्या खेळासाठी स्कॉलरशिप देऊ शकतात, छोट्या कॉलेजला नियमाने मनाई. मदत करायची तर फक्त घरची गरिबी बघून. आणि तुमच्या फॉर्मवर तर लिहिलंय, वडील मॅनेजर, मदतीची गरज नाही.

माझं डोकंच फिरलं. मैदान तेच, चेंडू तोच. समोरच्या गोलातली पोरगी खेळते म्हणून फुकट शिकणार, आणि माझ्या पोरीचे अकरा फटके काय हवेत गेले? कुठल्या शहाण्याने केला हा नियम? जळो मेला तो!

"आणि तुम्ही हो?" मी यांच्याकडे वळले. "गरज नाही म्हणून लिहिलंत?"

"फॉर्म जमालुद्दीनच्या टायपिंगच्या दुकानात भरला," हे पुटपुटले. "तो आपल्या गावचा. त्याच्यासमोर स्टोअरकीपर लिहू? चार दिवसांत गावभर झालं असतं."

"होऊ दे की! मुलीपेक्षा तुमची शान मोठी?"

"लीव्ह इट, अम्मी," इक्रा म्हणाली आणि पायाचे पॅड पलंगाखाली सरकवू लागली. हे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी कंपनीतून पगाराचा दाखला घेऊन आले. "यल्ला, चल," मला म्हणाले.

जमालुद्दीनच्या दुकानात गावचेच तिघे बसले होते. "या मॅनेजरसाहेब," म्हणत एकाने खुर्ची पुढे केली. हे बसले नाहीत. दाखला टेबलावर ठेवून मोठ्याने म्हणाले, "नवीन फॉर्म टाइप कर. स्टोअरकीपर. एका खोलीत तिघं राहतो. मदतीची गरज आहे."

जमालुद्दीनने मशीनमध्ये कोरा कागद घातला. काल यांच्यावर ओरडले ती मीच, पण आता ती खुर्ची उचलून त्या नियमवाल्यांच्या डोक्यात घालावीशी वाटली. गोल अडवला माझ्या मुलीने, आणि मान खाली घालायची तिच्या बापाने?

दोन महिन्यांनी पत्र आलं. शिक्षण, राहणं, जेवण, सगळं कॉलेज करणार. इक्रा वाचून मराठीत सांगत होती: कुटुंबाची बेताची परिस्थिती, वडिलांचं अपुरं उत्पन्न. हे इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. पत्र जमालुद्दीनला दाखवायला न्यायचं होतं.

"हॉकीचं कुठे लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

इक्राने पान उलटून पाहिलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"नाही लिहिलं, अब्बा."

यांनी शर्ट काढला आणि खुंटीला लावला.