मी, उलटवलेला पैसा

मी पैसा बोलतोय. पण मला घेऊन बाजारात गेलात तर दुकानदार मला परत तुमच्या हातावर ठेवील. मी इथला नाही. मी चीन देशातला, पितळेचा, मधोमध चौकोनी भोक असलेला. लढाईच्या दिवसांत आपल्याकडेही भोकाचा पैसा निघाला होता, पण त्याचं भोक गोल. म्हणून गोंदियाकडच्या दरेकशात, जिथे मी पुढे राहायला आलो, मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या घरची रुख्मा म्हणाली होती, "चिन्याले भोक बी धड पाडता येत नाही वाटते!"

आम्ही असे तिघे भाऊ आहोत. माझ्या एका अंगावर चार अक्षरं आहेत, कुण्या राजाच्या नावाची म्हणे. दुसऱ्या अंगावर नुसत्या दोन खुणा. अक्षरं वर आली की मी उताणा, नाही तर पालथा. एवढीच माझी बोली.

जन्माचं फार आठवत नाही. उकळतं पितळ, ओल्या वाळूचा साचा, मग कानशीची घासणी. त्यानंतर किती हात झाले त्याला गणती नाही. मीठ आणून दिलं, तेल आणून दिलं, एका म्हातारीला तिच्या मेलेल्या लेकाच्या चपला गहाणातून सोडवून दिल्या. पुढे राज्य बदललं आणि माझा भाव गेला. भाव गेलेल्या माणसाला घरचे कोपऱ्यात बसवतात. माझं नशीब बरं, मला तेव्हाच खरं काम मिळालं.

ते काम चांग मिस्त्रीचं. चांग मिस्त्री कलकत्त्याचा चिनी सुतार. सकाळी रंध्याला हात लावण्याआधी तो आम्हा तिघांना ओंजळीत खुळखुळवायचा आणि फळीवर टाकायचा. असं सहा वेळा. दर वेळी एक रेघ काढायची, अखंड नाही तर मधे तुटलेली. आमच्यातला एक जरी उलटला तरी अखंडाची तुटकी होते. रेघा खालून वर चढवायच्या, भिंत चढवतात तशा. तीन रेघांचं एक चित्र. अशी चित्रं आठ: आकाश, जमीन, पाणी, विस्तव, डोंगर, तळं, गडगडाट आणि वारा. वाऱ्याच्याच चित्राला तो झाडही म्हणायचा. सहा रेघांत दोन चित्रं होतात, एकावर एक. त्यांच्याकडे बघत मिस्त्री बिडी संपेपर्यंत गप्प बसायचा आणि मग कामाला लागायचा.

त्याच्या मोठ्या करवतीला दोन माणसं लागत. वरून मिस्त्री ओढायचा, खालून बिसराम. खालच्याच्या डोळ्यांत भुसा. हा बिसराम दरेकशाचा, डोंगरातला गडी. लढाईत आसामकडे सडक बांधायला गेला होता, लढाई संपल्यावर कलकत्त्यात रेंगाळला. त्याने एकदा विचारलं, "मिस्त्री, ये आगे का बताता है क्या?"

मिस्त्री हसला. "आगे का कौन जानता है? ये तो पूछता है. बोलना तुमको है. बोलते बोलते जहाँ गला अटका, वही तुम्हारा बात है." आणि मग बोट उगारून म्हणाला, "एक ही कानून. जैसा गिरा, वैसा पढ़ो. हाथ नहीं लगाना."

झेंडा बदलला त्या साली मिस्त्रीने बिसरामला सांगितलं, "घर जा. बेटी को बाप का मुँह दिखा." आणि आम्हा तिघांना चिंधीत बांधून त्याच्या खिशात घातलं. असा मी रेल्वेने, बोगदा ओलांडून, दरेकशाला आलो.

बिसरामच्या घरात बायको रुख्मा आणि नऊ वर्षांची धनवंता. चार वर्षांनी बाप आला आणि त्याने आणलं काय, तर तीन बाजारात न चालणारे पैसे. रुख्माने कपाळाला हात लावला. पण रविवारी सकाळी शेणाने सारवलेल्या ओसरीवर बिसराम आम्हाला टाकून कोळशाने रेघा ओढू लागला, की तीच चुलीपासून ओरडायची, "विचारा जी तुमच्या चिन्याले, आज भाजी कायची हाये!"

"तो म्हणते, बायकोले विचार."

"हुशार हाये मेला!"

आता त्या मुलखात कौल घ्यायची रीत होती. काही हरवलं, कोणी आजारी पडलं, की भगताकडे जायचं. तो सुपात तांदळाचे दाणे मांडून सांगतो, हो का नाही. लोकांना वाटलं बिसरामने नवं सूप आणलं. कोणी हरवल्या गाईचं विचारायला आलं, कोणी सासूवर करणी कोणाची ते विचारायला. बिसराम सगळ्यांना एकच सांगायचा. "दुसऱ्याचं नाही सांगत हे. तू काय करशीन ते विचार."

मनिराम म्हणून एक शेजारी होता. त्याचं सख्ख्या भावाशी, कवडूशी, बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे धानाच्या शेताच्या बांधावरून, दोन वर्षं बोलणं बंद. तो येऊन बसला आणि म्हणाला, "मी जिंकीन का नाही, एवढं पाय."

आम्ही पडलो. खाली पाणी, वर आकाश.

बिसराम म्हणाला, "आकाश वर जाऊन राहिलं, पानी खाली जाऊन राहिलं. दोघांची भेट कुठं होईन, सांग बरं?"

मनिराम चिलीम भरत राहिला. भरून झाली तरी पेटवेना. मग म्हणाला, "माय मेली तवापासून आमी एका ठिकाणी जेवलो नाही." आणि उठून गेला. दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ त्याच धुऱ्यावर बसून चिलीम ओढताना लोकांनी पाहिले.

त्या दिवशी मला मोठा गर्व झाला होता. आज सांगताना लाज वाटते.

तीन वर्षांनी रुख्मा गेली. बाळंतपणात गेली. लेकरू आडवं होतं. गावची दाई म्हातारी, तिच्या डोळ्यांना दिसेना, हात थरथरे. दीड दिवस घर नुसतं तिचं कण्हणं ऐकत होतं. बारा वर्षांची धनवंता चुलीवर पाणी तापवत राहिली. ते पाणी शेवटी कशासाठी वापरलं ते मी सांगत नाही.

मग त्या घरात दोघंच उरली. बाप बांबू तोडायला जंगलात जायचा, पोरगी धान रोवायला, कापायला. संध्याकाळी एक बोलायचं, दुसरं हुं म्हणायचं. पण एक गोष्ट बापाच्या ध्यानात आली होती. गावात कोणा गरोदर बाईचं पोट दुखू लागलं की धनवंता हातातलं काम टाकून त्या म्हाताऱ्या दाईमागे जाऊन उभी राहायची. नुसती बघायची. सोळाव्या वर्षी तिने दोन लेकरं आपल्या हातांनी जगात आणली होती.

चौपन्न साली गावात सुशिलाबाई नावाची नर्स आली. पांढरं लुगडं, हातात पेटी. तिने धनवंताचे हात उलटेपालटे करून पाहिले आणि बिसरामला म्हणाली, "पोरीची चौथी झाली आहे ना? पुरे. गोंदियाला दाईचं शिक्षण आहे, एक वर्षाचं. राहणं, खाणं तिथंच. पुढे सरकार जिथं पाठवील तिथं काम. मी शनिवारी परत येते, तेव्हा सांगा."

बिसराम हसला, मान हलवली, चहा पाजला. ती गेल्यावर बराच वेळ ओसरीचा खांब धरून उभा राहिला.

चार दिवस बापलेक या गोष्टीवर बोललेच नाहीत. शनिवारी सकाळी धनवंताने ओसरी सारवली, कोळसा आणून ठेवला आणि आम्हाला चिंधीतून काढलं.

"बा, मी टाकतो. तू वाच."

"काऊन? तुले जायाचं हाये ना?"

"हाये. पर तुले काय वाटते, तू सांगून नाही राहिला. मनिरामकाकाले बोलतं केलं, आता आपन बी बसू."

बघा, पोर किती शहाणी. ती कौल मागत नव्हती. बापाचं तोंड उघडावं म्हणून तिने आम्हाला हातात घेतलं होतं. मिस्त्रीने शिकवलं होतं ते बिसरामपेक्षा तिलाच जास्त समजलं होतं.

तिने टाकलं. पहिली रेघ तुटकी, दुसरी अखंड, तिसरी अखंड. खाली झाड आलं. चौथी तुटकी, पाचवी तुटकी. आता वरची एकच रेघ राहिली. ती तुटकी आली तर वर जमीन. जमिनीखाली झाड, म्हणजे कोंब, वर येणारच. आणि अखंड आली तर वर डोंगर. त्याच खालच्या चित्राचा मग वारा होतो, डोंगराच्या पायथ्याशी अडलेला.

बिसरामला दोन्ही ठाऊक होतं. त्याच्या कपाळावर घाम होता आणि दिवस थंडीचे होते.

धनवंताने सहाव्यांदा ओंजळ उघडली. माझे दोघे भाऊ तिथंच पडले. मी घरंगळलो, बिसरामच्या गुडघ्यापाशी, जात्याच्या आडोशाला जाऊन पडलो. उताणा. रेघ तुटकी होती. झाड वर येणार होतं.

बिसरामने हात लांब केला. "थांब, मी पायतो." त्याचा अंगठा माझ्यावर आला. खरबरीत, बांबूच्या चिरा पडलेला. आणि त्याने मला पालथा केला.

"डोंगर पडला," तो म्हणाला. "वारा डोंगराले अडला. थांब म्हणते, माय."

धनवंताने बापाच्या तोंडाकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग कोळसा खाली ठेवला आणि म्हणाली, "बरं."

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. इतकी वर्षं मी कोणाकोणाच्या गळ्यात अडकलेलं बाहेर काढलं, आणि त्या दिवशी बिसरामच्या गळ्यातली गोष्ट मीच आत कोंबली. त्याला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की तू गेलीस तर या घरात माझ्याशी कोण बोलेल? तेवढं त्याच्याच्याने निघालं नाही. त्याने ते माझ्यावर ढकललं.

दुपारी सुशिलाबाई आली तेव्हा धनवंतानेच सांगितलं, "नाही जमत, बाई." बाई कोणा दुसऱ्या गावच्या मुलीला घेऊन गेली.

त्यानंतर बिसरामने आम्हाला टाकलं नाही. बांबूच्या नळीत कोंबून आढ्याला खोचून दिलं. कोणी विचारायला आलं तर म्हणायचा, "चिन्याचे पैसे मुके झाले." आढ्याला धूर फार. आम्ही काळे पडलो.

दोन वर्षांनी धनवंताचं लग्न झालं, अर्जुनी मोरगावकडे, तळ्याकाठच्या गावात. माणसं बरी, धानाची शेती. लग्नाच्या आदल्या महिन्यात मनिरामच्या सुनेचं बाळंतपण होतं. सुशिलाबाईबरोबर गेलेली ती मुलगी आता पेटी घेऊन आली होती. धनवंता तिला पाणी तापवून देत होती. मनिरामचं घर भिंतीला लागून; नळीतून मला दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. ती मुलगी म्हणाली, "तुझ्या हाताला चांगली समज आहे गं. शिकली काऊन नाहीस?" आणि धनवंता म्हणाली, "पानी निवून राहिलं, घे आधी."

ओसरीवर बसलेला बिसरामही ते ऐकत होता. त्या दिवसापासून तो वाकला. लोक म्हणायचे, बांबूच्या ओझ्याने.

यंदा, साठ साली, दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, धनवंता दोन दिवसांसाठी आली. काल सकाळी ती ओसरीवर सुपात तांदूळ निवडत बसली होती. बिसराम स्टुलावर चढला, नळी काढली, आम्हाला तिच्यासमोर ओतलं.

"पडशीन, बा! कायले चढला?"

"तुले एक सांगाचं हाये." त्याने मला बरोबर ओळखून वेगळं केलं. "त्या दिवशी हा पैसा उताना पडला होता. मी उलटला."

धनवंताचे हात तांदळात थांबले नाहीत. एक खडा काढून तिने अंगणात फेकला.

"मले मालूम हाये."

"कसं?"

"तुझा अंगठा दिसला मले. तवाच."

बिसराम खाली बसला. "मंग बोलली काऊन नाही?"

"तू बोलशीन म्हणून वाट पायली. बाई दुपारी आली, तवापर्यंत वाट पायली. मंग धान कापनीपर्यंत. मंग लग्न ठरेपर्यंत." तिने सूप खाली ठेवलं. "बा, तू नुसतं 'नको जाऊ' म्हनला असता ना, तर मी रायली असती. खुशीनं रायली असती. पैशाले कायले बोलाले लावलं?"

अंगणात कोंबड्या सांडलेले दाणे टिपत होत्या.

"रागावलीस?" बिसरामने विचारलं.

"राग कवाच गेला. पर तुले दोन गोष्टी सांगाव्या असं मले वाटलं, तरी मी नाही सांगत आता. सवय मोडली." आणि जरा हसून म्हणाली, "चहा ठेवतो. घेशीन?"

आज सकाळी तिने गाठोडं बांधलं. बिसराम दारात उभा होता. तिने पायांना हात लावला तेव्हा तो म्हणाला, अगदी साध्या आवाजात, "नको जाऊ. आनखी चार दिवस राय."

धनवंता थबकली. तिचे डोळे भरले. तिने बापाच्या खांद्यावरचा पंचा सारखा केला.

"आता घरी धान कापाले आलं हाये, बा," ती म्हणाली. "मानसं वाट पाहून राहिली."

गाठोडं त्याने उचललं. दोघं स्टेशनाकडे गेली.

आम्ही तिघे कालपासून ओसरीवरच आहोत, कोणी उचललं नाही. लोकहो, तुमच्या हाती आमच्यासारखं काही आलं, पैसे असोत की दाणे, तर जरूर टाका, जरूर बघत बसा. पण ज्याला सांगायचं तो समोर बसला असेल, तर आधी त्याला सांगा. माझी वाट पाहू नका. मी थांबू शकतो, मला शंभर वर्षं झाली. माणसाच्या घरी धान कापायला येतं.

गाडीची शिट्टी झाली, गोंदियाकडे लांबत गेली, विरली. त्यालाही बराच वेळ झाला. बिसराम अजून परतलेला नाही. रिकाम्या घरी यायला त्याचा पाय निघत नसेल.