गोठ्याच्या कोनाड्यातला चिनी वाडगा

मी एक जुना वाडगा आहे. निळापांढरा, चिनी मातीचा, आणि सध्या भयंकर वैतागलेला. मित्रांनो, वैतागू नको तर काय करू? आमच्या घरातल्या मैत्रेयीनं माझा फोटो मोबाइलवर टाकला आणि तेव्हापासून फुलसावंगी गावात जो तो माझी परीक्षा घ्यायला येतो. एकानं मला लोहचुंबक लावून पाहिलं. दुसऱ्यानं लिंबू चोळलं. तिसऱ्यानं कानाजवळ धरून टिचकी मारली आणि "चायना माल हाय, टिकत नाई," असा निकाल देऊन तो निघून गेला. अरे बाबा, तुझ्या पणजोबांच्या आधीपासून मी टिकून आहे!

तेव्हा आधी माझी ओळख करून देतो, म्हणजे निदान तुम्ही तरी लिंबू घेऊन येणार नाही. माझा जन्म चीनमधल्या जिंगदेझेन गावचा. तिथली पांढरी माती मळून मला चाकावर घडवलं. मी वाळल्यावर एका कारागिरानं कुंचल्यानं माझ्या अंगावर कमळाच्या वेली काढल्या. तेव्हा त्यांचा रंग काळपट राखाडी होता. त्यावर पातळ लेप देऊन मला भट्टीत ठेवलं. आगीत लेप वितळून काचेसारखा झाला, राखाडी रंग निळा झाला आणि वेली त्या काचेखाली कायमच्या बंद झाल्या. म्हणून तुम्ही वेलीवरून बोट फिरवलंत तरी ती हाताला लागत नाही. हा निळाही सगळीकडे सारखा नाही. कुंचला जिथं जरा रेंगाळला, तिथं तो गडद होऊन बसला आहे.

आता मला पालथं करा. हळू! खाली जी गोल कड दिसते, तो माझा पाय. भट्टीत मी त्यावर उभा होतो, म्हणून तिथं लेप नाही, उघडी माती आहे. लेप संपतो तिथं बारीक तांबूस रेघ दिसेल. पायाच्या आत सहा निळी अक्षरं आहेत. ती उजवीकडून, वरून खाली वाचायची. हौशी लोक आधी तीच वाचायला धावतात आणि तोंडघशी पडतात. ते एका बादशहाचं नाव आहे खरं, पण तो माझ्या जन्माच्या कितीतरी आधी वारला होता. जुन्या राजाचा मान म्हणून कारागीर असं नाव घालत असत. तेव्हा आधी पाय बघा, निळा बघा, हातात घेऊन वजन बघा, आणि नाव सगळ्यांत शेवटी. माणसांचं नेमकं उलटं असतं. त्यांना आधी नाव लागतं, तेही आडनावासकट.

चहाच्या पेट्यांबरोबर मी जहाजातून मुंबईला उतरलो. एका कापसाच्या व्यापाऱ्यानं दिवाळीला मला आपल्या कारकुनाला भेट म्हणून दिलं. हे कारकून म्हणजे, पुढं ज्यांची गाठ पडणार आहे त्या किसनरावांचे पणजोबा. त्यांनी मला कौतुकानं फुलसावंगीला आणलं आणि तिथंच माझं नशीब फुटलं. पणजीबाई म्हणाल्या, पितळ राखेनं घासलं की शुद्ध होतं, माती होत नाही. हे भांडं माझ्या चुलीशी नको. झालं! इतक्या लांबून आलेला मी, माझी रवानगी गोठ्याच्या कोनाड्यात झाली, शेणाच्या टोपलीशेजारी.

तिथं मी कोणासाठी होतो, ठाऊक आहे? ज्यांना त्या घरच्या भांड्याला हात लावू देत नसत, त्यांच्यासाठी. माझी आजची मालकीण मथुराबाई, तिची सासू त्या गोठ्यात शेणकूर, म्हणजे शेण काढून झाडलोट, करायची. पुढं नवी सून म्हणून आलेली मथुराबाई ते काम करू लागली. चहा हातभर उंचीवरून माझ्यात ओतला जाई आणि गरम शिंतोडे तिच्या बोटांवर उडत. ओतायला कधी कधी शाळकरी किसनही येई. ती चहा पिऊन मला धुई आणि पुन्हा कोनाड्यात ठेवी. घरातलं कोणी मला शिवत नसे. मला 'विटाळाचा कटोरा' म्हणत. माझा असा संताप होई! बरं, मी तर वाडगा. ती माणूस होती, तिला काय वाटत असेल?

मथुराबाईच्या घरानं तोवर बुद्धाचा धम्म घेतला होता. एक दिवस तिनं चहाला हातही लावला नाही. "उद्यापासून मी येत नाई," एवढंच म्हणाली. किसनची आई म्हणाली, "मग तुझा कटोराही घेऊन जा. इथं कोण पिणार आहे त्यात?"

तेव्हापासून मी मथुराबाईचा आहे. तिच्या घरी माझ्यातून सगळे पितात. वैशाखी पौर्णिमेची खीर मी किती जणांना वाढली, त्याला गणती नाही. एका पाहुण्याच्या पोरानं माझ्या काठाचा टवका उडवला, तेव्हा मी चिडलो होतो, खोटं कशाला बोलू? पण त्या घरात मला कोणी कोनाड्यात ठेवलं नाही.

आणि परवा किसनराव आले. पुसदच्या कचेरीतून निवृत्त झालेले, सत्तरीचे किसनराव. मैत्रेयीचा फोटो फिरत फिरत त्यांच्यापर्यंत पोचला होता. सोबत कापूस भरलेला डबा होता. तो मला न्यायलाच आणलेला, हे मी लगेच ओळखलं.

"मथुराबाई, ओळखलं का?"

"जय भीम, किसनभाऊ. वरून च्या ओतत होते तुमी. कशी नाई वळखणार?"

किसनराव हसल्यासारखं करून खुर्चीवर बसले. "हा वाडगा आमच्या पणजोबांचा आहे हो. घराण्याची आठवण. काचेच्या कपाटात नीट ठेवीन म्हणतो."

मैत्रेयी मथुराबाईची नात, कॉलेजात शिकते. ती उसळलीच. "काका, आजीले तर तुमच्या आईनंच देल्ला होता. आता परत कायले पाह्यजे?"

"दिला असेल. पण तेव्हा कोणाला ठाऊक होतं, हा काय आहे ते!"

मला त्या घरी परत जायचं नव्हतं. पण वाडग्याला कोण विचारतो? मथुराबाईनं मला उचलून पदरानं पुसलं. मग म्हणाली, "न्या, भाऊ. पन पयले च्या घ्या."

तिनं चहा माझ्यात ओतला आणि दोन्ही हातांनी मला किसनरावांच्या हाती दिलं.

"यातच?"

"त्याच्यातच. पेऊन घ्या, अन् मंग खुशाल न्या."

किसनरावांनी माझा काठ न्याहाळला. वेली न्याहाळल्या. निळ्याची तारीफ केली. चहावर साय धरू लागली. शेवटी म्हणाले, "इतक्या मौल्यवान वस्तूत चहा नको हो. तडा जाईल. एखादा साधा कप नाही का?"

तडा! मित्रांनो, ज्या आगीत काच पाण्यासारखी होते, त्या आगीतून मी निघालो आहे. मला चहानं तडा जाणार? पूर्वी मी हलका होतो, म्हणून त्या घरातलं कोणी माझ्यातून प्यालं नाही. आता मी भारी झालो, म्हणून पीत नाहीत. ओठ काही लागत नाहीत ते नाहीतच!

"कप हाय नं," मथुराबाई म्हणाली. "दे वं मैत्रेयी, त्यायले कप दे." आणि तिनं मला परत घेतलं, फुंकर मारली आणि तो चहा स्वतः पिऊन टाकला.

किसनराव कपातला चहा प्याले. कापसाचा डबा तसाच उचलून "येतो" म्हणाले. मथुराबाई त्यांना दारापर्यंत पोचवायला गेली. "या," ती म्हणाली. "कटोऱ्यातला च्या प्याचा राह्यला तुमचा. कवाई या."

मित्रांनो, माझ्यासारखं जुनं भांडं तुमच्याही घरी असेल. त्याला लिंबू चोळू नका, चुंबक लावू नका. उजेडात धरा, पाय बघा, कुंचल्याचा निळा बघा, धुऊन हलक्या हातानं पुसा. पण हे सगळं करूनही, जो माणूस इतकी वर्षं त्यातून पाणी प्याला, त्याच्या मागून घोटभर प्यायला तुमचा हात थबकत असेल, तर कृपा करून भांडं पारखलं असं म्हणू नका.