हात न लावणारी डॉक्टर

सोफेवालीचा राग नाकाच्या शेंड्यावर, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पण त्या दिवशी ती दवाखान्यातून अशी तणतणत परतली, की नवऱ्यानं हातातली हातोडी खाली ठेवली आणि मुकाट्यानं पाण्याचा ग्लास पुढे केला.

"हात वर केले हो तिनं! माझी दोन्ही बाळंतपणं जिनं केली, तीच म्हणते, 'या ऑपरेशनला मी हात लावणार नाही.' परगावच्या मोठ्या हॉस्पिटलात जा म्हणे. जुनी माणसं नकोशी झाली असतील बाईसाहेबांना!"

प्रकरण साधं नव्हतं. कितीतरी महिने तिचं पोट फुगत होतं. दोन घास खाल्ले की पोट भरायचं, लघवीला सारखं जावं लागायचं. ती सगळं गॅसवर ढकलत राहिली. खुर्च्यांना गाद्या चढवता चढवता मलाच गादी चढली, म्हणून स्वतःच हसायची. शेवटी नवऱ्यानं धरून नेलं. सोनोग्राफीत अंडाशयावर गोळा दिसला, रक्ताचा रिपोर्टही चांगला नव्हता. "कॅन्सर असू शकतो," डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. सोफेवाली घाबरली. पण भीती दाखवेल तर ती सोफेवाली कसली! भीती तिनं गिळली आणि राग तेवढा घरी आणला.

त्यात नणंदेनं तेल ओतलं. "वहिनी, माझ्या ओळखीचे एक सर्जन आहेत. पोटातले गोळे चुटकीसरशी काढतात. याच आठवड्यात करतील, इथल्या इथे." सोफेवालीनं लगेच होकार दिला. तारीखही ठरली.

आदल्या संध्याकाळी डॉक्टरीणबाई थेट नवराबायकोच्या सोफ्यांच्या दुकानात हजर. बसायला धड खुर्ची नव्हती. स्प्रिंगा वर आलेल्या एका कोचाच्या कडेला त्या कशाबशा टेकल्या. नवरा मान खाली घालून खिळे वेचायला लागला, तेव्हा यांना फोन कुणी केला ते सोफेवालीला कळलं.

"माझा राग आलाय ना? येऊ दे. पण ऐक. हा गोळा अख्खा निघायला हवा. आत फुटला तर आजार पोटात पसरू शकतो. शिवाय आजूबाजूला कुठे काय गेलंय, तेही त्याच वेळी तपासायचं असतं. बायकांच्या कॅन्सरची ऑपरेशनं हेच ज्यांचं रोजचं काम, त्यांच्याच हाती हे द्यावं. बाळंतपण मी झोपेतही करीन. हे नाही."

"म्हणून मला वाऱ्यावर सोडता?"

"वाऱ्यावर कोण सोडतंय गं? मी येतेय तुझ्याबरोबर. उद्या दवाखाना बंद ठेवलाय."

सोफेवालीनं वाद न घालता "किती वाजता निघायचं?" एवढंच विचारलं. असं तिच्या आयुष्यात फारसं घडलं नव्हतं. नवरा तेवढ्यात बॅग भरायला पळाला, न जाणो, हिचं मन पुन्हा फिरलं तर!

मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या आणि भूल चढेपर्यंत तिचा हात धरून उभ्या राहिल्या. टाके काढायच्या दिवशी रिपोर्ट आला, तेव्हाही त्या होत्याच. तिथले सर्जन म्हणाले, "कॅन्सर होता, पण गोळा अख्खा निघालाय आणि बाहेर कुठे पसरलेला नाही. थोडी औषधं घ्यावी लागतील. वेळेवर आलात आणि मुख्य म्हणजे, आधी कुणी पोट उघडलं नव्हतं."

नवरा तिथेच हमसून हमसून रडला. सोफेवाली मात्र त्याला रडूबाई म्हणायचं विसरली.

टाके काढणाऱ्या नर्सनं संत्रं सोलत बसलेल्या बाईंकडे बघून विचारलं, "या कोण तुमच्या?"

"माझ्या डॉक्टर."

"अय्या! मग ऑपरेशन यांनीच का नाही केलं?"

सोफेवालीनं बाईंचा हात घट्ट धरला. डोळे भरून आले होते, तिनं ते पुसलेही नाहीत.

"त्यांना हे येत नाही," ती म्हणाली. "आणि तसं त्यांनी मला तोंडावर सांगितलं. म्हणून मी आज आहे."