सुनेत्राबाईंचा जर्दाळू रंग

मित्रांनो, मी एक जुनं शेडकार्ड आहे. रंगांच्या छोट्या पट्ट्या चिकटवलेलं, मधोमध घडी पडणारं. १९९७ साली दिल्लीतल्या पहाडगंजच्या एका दुकानातून सुनेत्राबाईंनी मला आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आणलं. तिथल्या भिंतींना वीस वर्षं सरकारी चुनाच लागत होता. आता दिल्लीच्याच द्वारका भागात त्यांचा स्वतःचा फ्लॅट होणार होता.

"बेडरूमचा रंग तू ठरव. बिल्कुल तुझ्या मनाचा," त्यांचे यजमान विश्वनाथराव म्हणाले.

बाईंना दोन रंग आवडले, मध आणि जर्दाळू. मध माझ्या घडीच्या आत होता, जर्दाळू बाहेरच्या पानावर. त्यांनी मला खिडकीत उभं करून ठेवलं. फ्लॅटचा ताबा आज मिळेल, उद्या मिळेल, असं करता करता दीड वर्ष गेलं. दिल्लीचं ऊन माझ्या बाहेरच्या पानावर पडत राहिलं. जर्दाळू फिकट होत गेला, मध जसाच्या तसा राहिला. मला ते कळत होतं. पण बाई रोज चहा घेताना त्या पट्टीकडे कौतुकाने बघायच्या, आणि मला त्याचाच तोरा चढला होता.

"जर्दाळूच! किती शांत वाटतं," त्या शेवटी म्हणाल्या.

ताबा मिळाल्यावर पेंटरने पट्टीखालचा नंबर पाहून डबा आणला आणि खोली भडक केशरी झाली. "मॅडम, नंबर तो यही है," तो म्हणाला. त्याचं खरंच होतं. खोटं मी बोललो होतो.

"ही बेडरूम आहे की संत्र्यांची पेटी?" विश्वनाथरावांनी वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येकाला हा विनोद ऐकवला. बाईही प्रत्येक वेळी हसल्या. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चार वर्षांनी पुन्हा रंगकाम निघालं. त्यांची लेक सलोनी मला घेऊन आली. "आई, बोल ना, कुठला?"

"तुम्हीच बघा. मला नाही कळत त्यातलं."

त्यांनी मला हातातसुद्धा घेतलं नाही. बाईंची पारख चुकली नव्हती, हे सांगायला मला तोंड नव्हतं.

मित्रांनो, शेडकार्ड उन्हात ठेवू नका. दोन रंगांतला एक निवडायचा, तर दोन्ही भिंतीवर हातभर लावून सकाळ-संध्याकाळ बघा. आणि घरात कुणाची पहिलीच निवड फसली, तर त्याचा विनोद करू नका. पुढच्या वेळीही आधी त्यांनाच विचारा. "तुम्हीच बघा" म्हणाले, तर पुन्हा विचारा. सलोनीने एकदाच विचारलं होतं.