माझ्या पायाखालचं फूटस्टूल

साहेब, माझ्या जावेची दोन बोटं तुम्ही मोडलीत. मशीनने नाही, तुम्ही.

आमच्या धुलाईखान्यात चादरी गरम रोलरमधून जातात. थोरली जाऊ ओली चादर आत सारते, मी पलीकडून सुकलेली ओढून घडी घालते. मशीन थांबवायचं लाल बटण माझ्या टेबलामागच्या खांबावर, उंच. मी ठेंगणी, सगळ्या मला 'पावशेर' म्हणतात. म्हणून सहा वर्षं माझ्या पायाखाली फूटस्टूल होतं.

"पावशेर, वर हवा कशी आहे?" जाऊ रोज विचारायची.

"झकास! तुमच्या भांगातला कोंडासुद्धा दिसतोय, जाऊबाई."

गुरुवारी तुमचा माणूस काढून टाकायच्या सामानाची यादी घेऊन आला. यादीत लिहिलं होतं: 'फूटस्टूल: बसल्यावर पाय टेकायचं आसन. येथे सर्वजण उभ्याने काम करतात. अनावश्यक.'

मी म्हटलं, "अहो, मी त्यावर पाय टेकत नाही, चढते."

"चढायचं असेल तर शिडीसाठी अर्ज करा, बाई." आणि स्टूल उचलून चालता झाला. अर्ज मी त्याच दिवशी दिला. तो कुठल्या खणात पडलाय, तुम्हालाच ठाऊक.

शनिवारी जावेची बाही चादरीबरोबर आत ओढली गेली. "दाब गं, दाब!" ती किंचाळली. मी टेबलाच्या अलीकडूनच हात उंचावून झेप घेतली. बटण वीतभर लांब. पुन्हा घेतली. मग पायातला बूट काढला आणि नेम धरला. लहानपणी चिंचा उगाच नाही पाडल्या मी. एका फेकीत बटण दाबलं गेलं. हात वाचला, बोटं मोडली.

आज तुमचा कागद आला: कंपनीच्या बटणावर बूट फेकला, सोमवारपर्यंत लेखी माफी द्या, नाहीतर कामावर येऊ नका. कागद घेऊन मी तुमच्या केबिनमध्ये आले, तर टेबलाखाली माझं फूटस्टूल आणि त्यावर तुमचे मोजे!

"साहेब, पाय उचला."

उचललेत, तेवढं मान्य. स्टूल काखेत मारून मी खाली आले. आता ते रोलरपाशी आहे आणि मी त्यावर उभी आहे. हाताला प्लास्टर घातलेली जाऊ दारातूनच म्हणाली, "पावशेर, आज शेरभर झालीस गं!"

माफी लिहिणार नाही. हा माझा जबाब. आता तुमचा हवा, लेखी, सोमवारपर्यंतच: माझ्या पायाखाली जे अनावश्यक होतं, ते तुमच्या पायाखाली गरजेचं कसं झालं?