टॅकेट जाणार म्हणे

आपल्या बेसबॉल संघातल्या टॅकेटला विकणार, ही कुणकुण सकाळी रेडिओवर लागली आणि दुपारपर्यंत मिलवॉकीच्या दक्षिण भागात दुसरा विषय उरला नाही. खाटकाकडे सॉसेज तोलताना तेच, चर्चच्या पायऱ्यांवर तेच. खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संध्याकाळी संपत होती. तोवर टिकला तर मोसमभर आपला, नाहीतर गेला.

आयरीनलाही टॅकेट जायला नको होता, पण त्याचं कारण बेसबॉल नव्हतं.

तिचा नवरा चेस्टर वसंतात गेला. व्हरांड्यातली त्याची खुर्ची आणि शेजारचा कॉफीचा रिकामा डबा तिने हलवला नव्हता. मॅच ऐकताना सूर्यफुलाच्या बिया चघळायच्या आणि टरफलं त्या डब्यात थुंकायची, ही त्याची जन्माची खोड. तो गेल्यावर एकदा रेडिओवर टॅकेट बॅटिंगला आला आणि डब्यात टक् झालं. आयरीनने वाकून पाहिलं, तर डबा कोरडा ठणठणीत. टॅकेट पुन्हा आला, पुन्हा टक्. दुसरा कोणीही बॅट घेऊन आला की चिडीचूप. पहिल्या दिवशी तिची बोबडी वळली. मग सवय झाली, आणि मग ती वाटच बघू लागली. टॅकेटची पाळी आली की केसांवरून हात फिरवून बसायची.

कधीकधी तिला संताप यायचा. जन्मभर रांधून वाढलं मी, आणि हा बाबा मेल्यावर परत येतो तो कुणासाठी, तर त्या टॅकेटसाठी! पण येतो ना, मग झालं तर.

हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. लोक वेडी म्हणतील म्हणून नव्हे. बेसबॉलवाल्या घरात वाढलेली बाई ती. चेंडू टाकणाऱ्या पिचरने समोरच्यांना एकही हिट मिळू दिलेली नसली, की त्याचे साथीदार त्या गोष्टीचं नावसुद्धा काढत नाहीत, त्याच्या शेजारी बसतही नाहीत. चाललेलं बोलून दाखवलं की मोडतं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

दुपारी मॅच सुरू झाली तेव्हा चेस्टरचा धाकटा भाऊ कॅझी बियर घेऊन आला आणि पायरीवर टेकला.

"जाऊ दे की त्याला, वहिनी. पस्तिशी उलटली, गुडघे गेलेत. बदल्यात दोन तरणी पोरं मिळतील."

"गप बस."

"चेस्टर असता तर त्याने स्वतः टॅकेटची बॅग भरून दिली असती."

"चेस्टरचं मला तू सांगू नकोस."

तिसऱ्या डावात टॅकेट बॅटिंगला आला. टक्. कॅझीचं लक्षच नव्हतं, त्याची टकळी चालू होती. "वाईट वाटतं, कबूल. पण माणूस धरून तरी किती ठेवायचा? कधीतरी सोडावंच लागतं."

आयरीनच्या डोक्यात तिडीक गेली.

"तो गेला तर चेस्टर जाईल," ती म्हणाली. "टॅकेट बॅटिंगला आला की चेस्टर येतो. त्या खुर्चीत बसतो. बिया थुंकतो. आत्ता थुंकला."

कॅझी हसला नाही. त्याने टोपी काढली आणि खुर्चीकडे बघत राहिला.

"दर वेळी?"

"दर वेळी."

पाचव्या डावात टॅकेट परत आला. पहिला चेंडू गेला, दुसरा गेला. आयरीन डब्याकडे बघत होती. टॅकेट बाद होऊन परतला तरी डबा मुका तो मुकाच. तिने खुर्चीच्या हातावर हात ठेवला. "अरे, आहेस ना?" तिने हळूच विचारलं.

पुढच्या डावात समालोचकाचा आवाज बदलला. टॅकेट मैदानात उतरलेला नाही, त्याच्या जागी कोणी नवा पोरगा उभा आहे. तिकडे बाकाजवळ एकेक खेळाडू टॅकेटला मिठी मारतोय. खेळाडूचा सौदा झाला की भर मॅचमध्ये अशा मिठ्या मारतात, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

कॅझीने रेडिओ बारीक केला. मग अगदी हळू बोलला, रागावून नव्हे.

"वहिनी, हे बोलून दाखवायचं नव्हतं."

"ठाऊक आहे रे मला," आयरीन म्हणाली. "डबा मुका झाला तेव्हा टॅकेट अजून आपलाच होता."