जोआनचं करडं बटण

“रुसलं परत हे धूड!” माझ्या पाठीवर जेवणाचा डबा टेकवत प्रफुल्ल पुटपुटला.

मित्रांनो, ते धूड म्हणजे मी. गिरगावातल्या एका रक्त तपासणाऱ्या लॅबच्या पोटमाळ्यावर राहणारा म्हातारा सर्व्हर. रुसायला मी काही प्रफुल्लचा जावई नाही. पण स्वतःची चूक सापडेनाशी झाली की ही माणसं यंत्राला स्वभाव चिकटवतात.

आलो तेव्हा नारळ फुटला, हार पडला, माझ्या नावाने यांनीच पेढे खाल्ले. माझ्या एकट्याच्या पोटात नऊ संगणक नांदतात. दिसायला एकही नाही, कामाला नऊच्या नऊ. त्यातल्या कोणाला कोणी हात लावायचा, हे एका सॉफ्टवेअरमध्ये नावानिशी लिहिलेलं असतं. ते लिहायचे गंगाधर सर. दर शनिवारी मला मऊ फडक्याने पुसायचेही. सर रिटायर झाले आणि त्यांची खुर्ची खोताच्या वाडीतल्या जोआनला मिळाली.

जुने रिपोर्ट सांभाळणारा माझ्यातला संगणक रोज दुपारी त्या रिपोर्टांची नक्कल काढायला बंद करतात. मग तो पुन्हा सुरू करायचा. सरांनी पडद्यावरचं ‘सुरू करा’ बटण दाबलं की तो उठे. जोआनसमोर मात्र ते बटण करडंच राही, दाबलं तरी ढिम्म. आपला पासवर्ड फोनवर सांगायचा नसतो, असं सरांचं तत्त्व. म्हणून रोज तीन वाजता फणसवाडीतून इस्त्रीचा शर्ट घालून सर येत, एक बटण दाबत, चहा पीत. “सर आहेत म्हणून लॅब चालते,” असं सगळे म्हणत.

जोआनसाठी काय काय झालं विचारा! प्रफुल्लने माउस बदलला, वायर बदलली, मला उदबत्ती ओवाळली. धुराने माझा पंखा खोकला. सरांनी सगळ्यांदेखत तिला सगळ्यात वरच्या पातळीवर, म्हणजे नऊच्या नऊ संगणकांवर, पूर्ण अधिकार दिले. बटण करडंच! एवढ्या शिकलेल्या माणसांत त्या एका संगणकाचं परवानग्यांचं पान उघडायचं एकालाही सुचलं नाही.

शेवटी लॅबच्या मालकीण डॉक्टर कालिंदीबाई म्हणाल्या, “जोआन, शुक्रवारपर्यंत बघ. नाही जमलं तर मला दुसरं माणूस ठेवावं लागेल गं.”

शुक्रवारी जोआनने आधी माझ्यावरचा डबा उचलून प्रफुल्लच्या हातात दिला. मग पडद्यावर वरून खाली एकेक पातळी उघडत गेली. तीन वाजता सर आले, मागोमाग डॉक्टरीणबाई. वर लिहिलं होतं, जोआन, पूर्ण अधिकार. खाली, त्या एकाच संगणकापाशी, वेगळी ओळ होती, जोआन, फक्त पाहणे. खालची ओळ वरचीला मोडीत काढते, हा या सॉफ्टवेअरचा साधा नियम. नोंदीत ओळ लिहिणाऱ्याचं नाव होतं, गंगाधर. तारीख त्यांच्या निरोप समारंभाच्या दुसऱ्या दिवसाची.

सगळ्यांनी वाचलं. प्रफुल्लला एकदम चहाची आठवण झाली. “सॉफ्टवेअर कधीकधी आपोआप करतं ना असं?” डॉक्टरीणबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या. सर चष्मा पुसत राहिले. मला पुसायचे तसाच, हलक्या हाताने.

मित्रांनो, आमची निगा राखा म्हणजे नुसती धूळ झटकू नका. आम्हाला काय लिहून ठेवलंय ते वाचा. आम्ही लपवत नाही. लपवणारे दोन पायांचे असतात, आणि त्यांना चहा मिळतो.

जोआनने खुर्ची वळवली.

“आपोआप नाही झालं, मॅडम. सर, हे तुम्ही केलंत. रोज कोणीतरी तुम्हाला बोलवावं म्हणून.”